सहलीच्या तळ्याचा मातीचा बांध : सुरक्षितता व निगा

महाराष्ट्रातील बहुतेक लहान तळी मुळात सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा आसपासच्या विहिरींना पाझर मिळावा यासाठी बांधली गेली. कालांतराने त्यांपैकी कित्येकांना आणखी एक उपयोग जडला. सुट्टीच्या दिवशी शहरातील माणसे तळ्याकाठी येतात, नावेत बसतात, भाकरी-पिठल्याचे जेवण घेतात आणि गावात चार पैसे ठेवून जातात. महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर १८४२ साली गावाच्या पाण्यासाठी बांधले गेले. आज ते नौकाविहारासाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून आपल्या शेततळ्याचा, गावतळ्याचा किंवा पाझर तलावाचा असा उपयोग करून घ्यावा, अशी इच्छा पुष्कळ शेतकऱ्यांच्या व ग्रामपंचायतींच्या मनात आहे. ही इच्छा स्वागतार्हच होय.

तथापि तळे सहलीचे झाले म्हणून त्याचा बांध खेळण्यातला होत नाही. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. पाच हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी दोन मीटर खोल असलेल्या तळ्यात एक लाख टन पाणी असते व ते सर्व केवळ मातीच्या एका पाळीने अडविलेले असते. ती पाळ फुटली तर खालच्या अंगाची पिके, जनावरे, घरे आणि माणसे यांना सावरण्यास काही मिनिटांचाही अवधी मिळत नाही. म्हणून तळ्याची शोभा वाढविण्यापूर्वी त्याच्या बांधाची ओळख करून घेणे आणि त्याची निगा कशी राखावी हे समजून घेणे अगत्याचे आहे. हे काम अवघड नाही. बांध बहुधा अचानक फुटत नाही. तो आधी खुणा देतो. त्या खुणा वाचावयास शिकणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बांधाची अंगे

चांगल्या रीतीने बांधलेल्या मातीच्या बांधाच्या मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवितो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचे आवरण असते. ते गाभ्याला आधार देते आणि त्याला भेगा पडू देत नाही. गाभ्याखाली टणक थरापर्यंत खणलेला आणि काळ्या मातीनेच भरलेला चर असतो. त्यामुळे बांधाच्या तळाखालून पाणी निसटत नाही. पाण्याकडील उतारावर लाटांच्या माऱ्यापासून संरक्षण म्हणून दगडांचे पिचिंग केलेले असते, तर कोरड्या बाजूच्या उतारावर गवत वाढविलेले असते. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगड व वाळू यांचा निचऱ्याचा थर असतो. झिरपलेले पाणी माती बरोबर न घेता त्यातून बाहेर पडते.

यांखेरीज दोन अंगे फार महत्त्वाची आहेत. एक म्हणजे सांडवा. तळे भरल्यावर जादा पाणी ज्या वाटेने सुरक्षितपणे निघून जाते ती वाट म्हणजे सांडवा होय. तो बांधाच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर, शक्यतो बांधाच्या टोकाकडील मूळच्या कठीण जमिनीत काढलेला असतो. दुसरे अंग म्हणजे मोरी, अर्थात बांधाच्या तळातून गेलेला नळ व त्याची झडप. मोरीमुळे हवे तेव्हा तळ्यातील पाणी कमी करता येते.

बांध कसा फुटतो

मातीच्या बांधाचे शत्रू पुष्कळ असले तरी त्याच्या नाशाचे मार्ग मुख्यतः तीनच आहेत.

पहिला मार्ग म्हणजे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहणे. दगडी बांधावरून पाणी गेले तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधाचे तसे नाही. माथ्यावरून पडणारे पाणी कोरड्या बाजूचा उतार वरून खाली कापीत नेते, प्रथम एक घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत पोहोचते आणि मग सारे तळे त्या वाटेने धावते.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी बांधाच्या पोटातून जाणे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच. त्यात भय नाही. परंतु ते पाणी मातीचे कण वाहून नेऊ लागले की बांधाच्या आत बारीक भोक पडते. भोक मोठे होते, पाणी वाढते, वाढलेले पाणी भोक आणखी मोठे करते. घुशीचे बीळ, कुजलेले मूळ आणि मोरीच्या नळाभोवतीची नीट न चोपलेली माती ही अशा भोकाची आवडती ठिकाणे होत.

तिसरा मार्ग म्हणजे उतार घसरणे. माती पाण्याने तट्ट फुगली, उतार अतिशय उभा असला किंवा पायथ्याची माती कोणी खणून नेली, म्हणजे उताराचा मोठा तुकडा खाली सरकतो आणि बांध पातळ होतो.

यांपैकी कोणताही मार्ग एका दिवसात तयार होत नाही. माथा वर्षानुवर्षे खचत असतो, झाड वर्षानुवर्षे वाढत असते आणि सांडव्यात गाळ व झुडपे वर्षानुवर्षे साचत असतात. एका पावसाळी रात्री केवळ त्या सर्वांचा हिशेब होतो.

साउथ फोर्कचा धडा

सहलीच्या तळ्याच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद असे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. तेथील साउथ फोर्क येथे कालव्याला पाणी पुरविण्यासाठी शासनाने सुमारे २२ मीटर उंचीचा मातीचा बांध बांधला होता. पुढे आगगाडी आल्यामुळे कालव्याचा उपयोग संपला व तो बांध खाजगी मालकीत गेला. एका मालकाने बांधाच्या तळातील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. नंतर १८७९ मध्ये धनिक मंडळींच्या एका क्रीडामंडळाने मासे धरण्यासाठी व नौकाविहारासाठी ते तळे घेतले. बांधाची डागडुजी झाली, पण नळ पुन्हा बसविले गेले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोरून जाव्यात म्हणून माथा कापून थोडा खाली आणण्यात आला. माथ्याचा मधला भाग तर टोकांपेक्षाही खाली बसलेला होता. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावण्यात आल्या.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. पुराबरोबर आलेला काडीकचरा जाळ्यांत अडकला आणि सांडवा तुंबला. तळे खाली करण्यास नळ नव्हते. पाणी चढत गेले व मधल्या खचलेल्या माथ्यावरून वाहू लागले. दुपारी बांध फुटला. नदीकाठी खाली सुमारे २२ किलोमीटरवर असलेले जॉन्सटाउन हे गाव लोंढ्याखाली आले आणि २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली.

या हकिकतीतील एकेक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे असे दिसते की, त्यांतील कोणतीही कृती दुष्ट हेतूने झाली नव्हती. गाड्या जाव्यात, मासे राहावेत, खर्च वाचावा, एवढेच त्या लोकांना हवे होते. आपल्याकडील तळ्यांवर आजही नेमक्या याच इच्छा दिसून येतात. माथ्यावर वाहने नेण्याची सोय, सांडव्यावर मत्स्यबीजासाठी जाळी, गंजलेली व कायमची बंद पडलेली झडप, ही दृश्ये ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना अपरिचित नाहीत.

सांडव्याचे साधे गणित

सांडव्याची रुंदी थोडी कमी झाली तर एवढे काय बिघडते, असा प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांनी द्यावे हे बरे.

समजा, एका तळ्याचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर आहे. त्यावर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५०,००० घनमीटर पाणी पडते. त्यांतील निम्मे वाहून तळ्यात आले तर सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी सांडव्याकडे येईल. तळे आधीच भरलेले आहे आणि सांडवा १० मीटर रुंद व स्वच्छ आहे असे धरल्यास, हे पाणी निघून जाण्यासाठी सांडव्याच्या उंबरठ्यावर सुमारे ५५ सेंटीमीटर उंचीचा प्रवाह लागेल. बांधाचा माथा उंबरठ्यापासून एक मीटर उंच असेल तर ४५ सेंटीमीटर उंची शिल्लक राहील. लाटांसाठी व अनपेक्षित पावसासाठी ही शिल्लक ठेवलेलीच असते.

आता त्याच सांडव्याची निम्मी रुंदी झुडपांनी, गाळाने किंवा जाळीत अडकलेल्या कचऱ्याने बंद झाली असे समजा. तेवढेच पाणी ५ मीटर रुंदीतून जाण्यासाठी सुमारे ८७ सेंटीमीटर उंची लागेल. बांध अजून तग धरील, पण शिल्लक केवळ १३ सेंटीमीटर उरेल. आणि त्याच बांधाचा माथा मध्यभागी पायवाटेमुळे व खचण्यामुळे २० सेंटीमीटर खाली बसला असेल, तर पाणी त्या ठिकाणी ७ सेंटीमीटर माथ्यावरून जाईल. म्हणजे जो पाऊस निरोगी बांधाला सहज पेलता आला असता, तोच पाऊस दुर्लक्षित बांधाला बुडवील. पाऊस बदलला नाही, निगा बदलली.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पावसाळा संपताना थोडे जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर मातीच्या गोण्या रचण्याची, फळ्या ठोकण्याची किंवा कच्ची भिंत घालण्याची चाल काही गावांत आहे. हस्त आणि चित्रा या नक्षत्रांतला पाऊस कसा कोसळतो हे शेतकऱ्यास सांगण्याची आवश्यकता नाही. अभियंत्याच्या लेखी संमतीवाचून सांडव्याची उंची बोटभरही वाढवू नये.

मत्स्यपालन करणाऱ्या सहकारी संस्थांनी किंवा ठेकेदारांनी सांडव्याच्या तोंडाशी घट्ट जाळी बसवू नये. मासे अडविणे अगदीच आवश्यक असेल तर मोठ्या घरांची, तळ्याच्या बाजूस दूरवर मांडलेली आणि पुराच्या वेळी चटकन काढून टाकता येईल अशी जाळी ठेवावी व ती काढण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी. थोडे मासे गेले तर पुढील वर्षी पुन्हा बीज सोडता येते.

पाझर कसा ओळखावा

बांधाच्या कोरड्या बाजूस पाणी दिसले की काही लोक घाबरतात, तर काही त्याकडे मुळीच लक्ष देत नाहीत. या दोन्ही गोष्टी योग्य नव्हेत. पाझर पाहताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पाणी स्वच्छ आहे की गढूळ? काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दहा मिनिटे ठेवावे. तळाशी माती बसली तर बांधाची माती बाहेर येत आहे असे समजावे. हे धोक्याचे लक्षण होय.

दुसरा प्रश्न : पाणी वाढत आहे काय? पायथ्याच्या निचऱ्याचे पाणी एका लहान नळातून पडेल अशी व्यवस्था करावी व १५ लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. ही मोजणी दर आठवड्यास करावी व त्या दिवशीची तळ्यातील पाण्याची पातळीही लिहून ठेवावी. तळे भरत असताना पाझर वाढणे स्वाभाविक आहे. परंतु तळ्याची पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर आत काहीतरी बदलले आहे हे निश्चित.

तिसरा प्रश्न : पाणी कोठून येते? निचऱ्याच्या थरातून येणारे पाणी योग्य जागेवरून येते. उताराच्या मध्यावर ओल दिसणे, एरवी कोरड्या जागी लव्हाळा किंवा हिरवेगार गवत उगवणे, मोरीच्या नळाच्या बाहेरून पाणी येणे, किंवा पायथ्यापलीकडील जमिनीत वाळू उकळल्यासारखी वर येणे, या गोष्टी तत्काळ कळविण्यासारख्या आहेत.

मोरीच्या नळाकडे विशेष लक्ष द्यावे. माती व नळ यांचा सांधा हा बांधातील कच्चा दुवा होय. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे धरण फुटले तेव्हा बांधकाम पुरे झालेले नसताना जलाशय भरला होता आणि मोरीच्या जागी भराव खचत गेला होता. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठचा भाग उद्ध्वस्त झाला. ते धरण मोठे होते, परंतु मातीचा व नळाचा नियम लहान बांधासही तोच लागू आहे. म्हणून सहलीच्या जागेस पाणी किंवा वीज पुरविण्यासाठी बांधातून नवा नळ अथवा तार कधीही नेऊ नये. कारंज्याचा नळ बांधाला वळसा घालून न्यावा.

झाडे, जनावरे आणि माणसे

बांधावर सावली असावी म्हणून झाडे लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. वड, पिंपळ, बाभूळ, सुबाभूळ अशा झाडांची मुळे बांधात खोलवर शिरतात. झाड वठले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला तयार वाट मिळते. वादळात झाड उन्मळून पडले तर मुळांबरोबर बांधाचा लचका निघतो. शिवाय झाडोऱ्यामुळे बिळे, भेगा व ओल नजरेस पडत नाहीत. बांधावर केवळ हरळीसारखे दाट, आखूड व जमीन धरून ठेवणारे गवत असावे आणि ते वर्षातून दोन वेळा कापावे. लहान रोपटी मुळासकट उपटून खड्डा चोपून भरावा. पूर्वीपासून मोठे झालेले झाड मात्र अभियंत्यास विचारल्याखेरीज तोडू नये, कारण त्याची मुळे काढणे व तेथील भराव पुन्हा करणे हे जाणत्याचे काम आहे. सावलीची झाडे पायथ्यापासून निदान दहा मीटर दूर लावावीत.

घुशी, उंदीर व खेकडे यांची बिळे दिसताच ती टोकापर्यंत उकरून काढावीत आणि ओलसर चिकण मातीने १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुम्मसाने चोपीत भरावीत. बिळाच्या तोंडात दगड कोंबून वरून माती लोटणे म्हणजे जखम न धुता तिच्यावर पट्टी बांधणे होय.

गुरे बांधावरून उतरू लागली की थोड्याच दिवसांत तेथे घळ पडते. गुरांसाठी बांधापासून दूर, तळ्याच्या मूळ काठावर पाणवठा करावा. माथ्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा मोटार नेऊ नये. माथ्यावर पडलेल्या चाकोऱ्या मुरमाने भरून माथ्याचा उतार किंचित पाण्याच्या बाजूस ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी कोरड्या बाजूची माती धुऊन नेणार नाही.

गाळ काढून शेतात टाकणे हे उत्तम काम आहे आणि शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने २०१७ पासून त्यास चालना दिली. मात्र बांधाच्या पायथ्यालगत खणू नये. तेथील काळ्या मातीचा थर पाणी झिरपू देत नाही. तो उचलला तर पाझर वाढतो. त्याचप्रमाणे कोरड्या बाजूच्या पायथ्याचा मुरूम घरांसाठी किंवा रस्त्यासाठी नेणाऱ्यास सक्त मज्जाव करावा.

पाहुण्यांच्या सोयी कोठे कराव्यात

नियम सोपा आहे : बांध हा तळ्याचा आधार आहे, बाजाराची जागा नव्हे. नावेचा धक्का, खाण्याची दुकाने, बाके, वाहनतळ व स्वच्छतागृहे ही सर्व तळ्याच्या मूळ काठावर, नैसर्गिक जमिनीवर असावीत. बांधाच्या माथ्यावर सिमेंटचा पदपथ किंवा फरशी घालू नये. ती दिसावयास सुंदर असते, पण तिच्याखाली माथा खचला किंवा पोकळ झाला तर ते बाहेरून कळत नाही. पिचिंगचे दगड बसण्यासाठी किंवा चुलीसाठी उचलले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. मोटारीच्या नावा बांधापासून दूर व मंद गतीने चालवाव्यात, कारण त्यांच्या लाटा पिचिंगखालची माती ओढून घेतात.

मुक्कामाच्या झोपड्या बांधाच्या खालच्या अंगास, ओढ्याच्या काठी कधीही उभारू नयेत. तेथे गारवा असतो व जागा सपाट असते, परंतु बांध फुटल्यास पहिला लोंढा तेथेच येतो. २ जुलै २०१९ रोजी रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले तेव्हा खालच्या वाडीतील घरे झोपेच्या वेळी वाहून गेली व वीसच्या वर माणसांचा अंत झाला. धरणाला गळती असल्याचे आपण आधीच कळविले होते, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते.

बांध अभंग असला तरी पाहुण्यास धोका असतोच. सांडव्यावरून वाहणारे पाणी उथळ दिसते, पण शेवाळामुळे तेथे पाय ठरत नाही आणि गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसास पाडते. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात ३० जून २०२४ रोजी धबधब्याच्या वाढलेल्या पाण्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही प्रवाह चढतो, हे शहरातील पाहुण्यास ठाऊक नसते. ते सांगणे यजमान गावाचे कर्तव्य आहे. म्हणून सांडव्यात उतरण्यास बंदी असावी, मोरीच्या तोंडाजवळ पोहू देऊ नये, खोली दाखविणाऱ्या खुणा कराव्यात, नावेत प्रत्येकास तरंगण्याचे जाकीट द्यावे आणि काठावर लांब दोर व हवेची चाके नेहमी हाताशी ठेवावीत. पोहणाऱ्या दोन तरुणांची नेमणूक सुट्टीच्या दिवशी अवश्य करावी.

वर्षभराचे वेळापत्रक

मृगापूर्वी, म्हणजे मे महिन्यात : सांडवा व त्यापुढील वाहून जाण्याची वाट झुडपे, गाळ व अतिक्रमणे काढून मोकळी करावी. माथ्याची पातळी पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दर दहा मीटरवर तपासावी व खचलेला भाग चोपून भरावा. मोरीची झडप पूर्ण उघडून व बंद करून पाहावी, तिला वंगण द्यावे. बिळे भरावीत. निखळलेले पिचिंग बसवावे.

पावसाळ्यात : आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधाच्या माथ्यावरून, पाण्याकडील काठाने व कोरड्या बाजूच्या पायथ्याने अशा तीन फेऱ्या पायी कराव्यात. पाझर मोजावा. सांडव्यात अडकलेला ओंडका लगेच काढावा. मात्र पाणी जोरात वाहत असताना माणसाने त्यात उतरू नये.

पावसाळ्यानंतर : गवत कापावे, घळी बुजवाव्यात, ओलीच्या जागांवर खुंट्या रोवून त्यांची नोंद ठेवावी. पाणी ओसरत असताना पाण्याकडील उतारावर भेगा किंवा घसरण दिसते काय ते पाहावे. मोरीने पाणी सोडताना घाई करू नये. साधारण परिस्थितीत दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा अधिक पातळी उतरवू नये, कारण पाणी झपाट्याने ओसरले तर ओला उतार आधार सुटून घसरतो.

उन्हाळ्यात : काळ्या मातीस पडलेल्या भेगा मोजाव्यात. बांधाच्या लांबीच्या दिशेने किंवा आडव्या गेलेल्या खोल भेगांविषयी अभियंत्यास कळवावे.

या सर्व गोष्टी एका वहीत तारीखवार लिहाव्यात. स्मरणावर विसंबू नये. मागील वर्षीची नोंद नसेल तर या वर्षीचा पाझर थोडा की फार हे सांगता येत नाही.

संकट दिसले तर

गढूळ पाझर, झपाट्याने वाढणारी गळती, माथ्यावर नवी भेग, उताराची घसरण किंवा माथ्याकडे चढणारे पाणी दिसताच पुढील क्रम पाळावा. प्रथम खालच्या वस्तीस सावध करून उंच जागी हलवावे व पाहुण्यांना दूर करावे. बांध वाचविण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे. त्याच वेळी तहसील कार्यालय, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष (दूरध्वनी १०७७) व पोलीस (११२) यांस वर्दी द्यावी. मोरी उघडून पाणी कमी करू लागावे. अशा प्रसंगी उतार घसरण्याच्या भयापेक्षा बांध फुटण्याचे भय मोठे असते. तरी किती वेगाने पाणी सोडावे याविषयी अभियंत्याचा सल्ला मिळताच तो मानावा.

कोरड्या बाजूस उकळणारा झरा दिसल्यास त्याचे तोंड चिकण मातीने किंवा गोणपाटाने बंद करू नये. बंद केलेले पाणी दुसरीकडून अधिक जोराने फुटते. झऱ्यावर प्रथम जाड वाळू, त्यावर बारीक खडी व त्यावर मोठी खडी असा थर घालावा, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. झऱ्याभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे रचून आत थोडे पाणी चढू दिल्यास त्याचा जोर कमी होतो. मात्र बांध खचू लागला असेल तर कोणीही पायथ्याशी थांबू नये. बांध मध्येच कापून पाणी काढून देण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये. कापलेली वाट पुन्हा आवरता येत नाही.

जबाबदारी कोणाची

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. १५ मीटरपेक्षा उंच धरणे आणि १० ते १५ मीटर उंचीची, परंतु लांबी, साठा, पुराचे प्रमाण इत्यादी ठराविक अटींत बसणारी धरणे यांस तो लागू आहे. गावोगावची बहुसंख्य लहान तळी या मर्यादेखाली येतात. त्यामुळे त्यांच्याकडे पाहणारा डोळा मुख्यतः गावाचाच असावा लागतो. तलाव जिल्हा परिषदेचा, मृद व जलसंधारण विभागाचा, ग्रामपंचायतीचा की खाजगी मालकीचा, हे कार्यकर्त्याने प्रथम कागदोपत्री निश्चित करावे. नंतर ग्रामसभेत ठराव करून एका जबाबदार व्यक्तीकडे वही, झडपेची किल्ली व फेऱ्यांचे काम द्यावे. नौकाविहार किंवा मासेमारी यांचा ठेका देताना उत्पन्नाचा काही भाग बांधाच्या निगेसाठी राखून ठेवण्याची व सांडवा मोकळा ठेवण्याची अट करारातच घालावी. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अभियंत्याकडून एकदा पाहणी करून घ्यावी.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. सांडवा मोकळा असावा. त्यावर गोण्या, फळ्या व घट्ट जाळी नसावी.
२. माथा समपातळीत असावा. खचलेला भाग मृगापूर्वी भरावा.
३. पायथा उघडा व स्वच्छ असावा. पाझर मोजून लिहावा.
४. मोरीची झडप चालती असावी.
५. बांधावर गवत असावे. झाड, बीळ, गुरे व गाड्या नसाव्यात.
६. पाहुण्यांची प्रत्येक सोय बांधापासून दूर आणि उंच जागी असावी.

या सहा गोष्टींना फार मोठा पैसा लागत नाही. एक कुदळ, एक धुम्मस, एक बादली, एक वही आणि आठवड्यातील एक तास एवढ्यावर बरेचसे काम भागते. गावाने आपल्या पूर्वजांनी किंवा शासनाने बांधलेले तळे पाहुण्यांना अभिमानाने दाखवावे, त्यापासून उत्पन्नही मिळवावे. परंतु त्या उत्पन्नाचा पहिला हक्क बांधाचा आहे, हे विसरू नये.